तीनशे आठ नंबरचे घर

कातिगाला घरांचे नंबर कधी लागलेच नाहीत. चौदा वर्षे ती सायकलवरून त्याच नव्वद घरांमध्ये हिंडत होती. दर चार महिन्यांनी एक फेरी आणि दारोदार तेच प्रश्न: कोण जन्मले, कोण गेले, कोण राहायला आले, कोण घर सोडून गेले. प्रश्न चारच होते. पण चौदा वर्षे ते विचारत राहिलेल्या माणसाला कळून चुकते, की घरात याखेरीज फारसे काही घडत नसते.

आरोग्य संशोधन केंद्राने पहिल्यांदा माणसे घेतली तेव्हा दोन अटी होत्या, लिहिता-वाचता येणे आणि सायकल चालवता येणे. कातिगाचा नवरा कोकोच्या मळ्यांत कामाला म्हणून दक्षिणेला गेला होता तो तिकडचाच होऊन बसला होता. घरात दोन मुली. दोन्ही येतं, असे तिने सांगून टाकले आणि कामावर रुजू व्हायला उरलेल्या चार दिवसांत भावाच्या सायकलवर दुसरी अट पुरी केली. हनुवटीवरची खूण त्या चार दिवसांतली.

केंद्रात त्यांना शिकवले होते, की आधी विचारायचे, घरात एकूण माणसे किती. पहिल्याच आठवड्यात तिने तो प्रश्न सोडून दिला. इथे माणसे मोजत नाहीत. कोंबड्या मोजाव्यात, मडकी मोजावीत. माणसे मोजली की कमी होतात. हे ती स्वतःही लहानपणापासून ऐकत आली होती, आणि खरे सांगायचे तर तिचाही त्यावर थोडा विश्वास होता. म्हणून ती वाडग्यांवरून विचारी. या वाडग्यातून कोण कोण जेवतं? आणि त्या मोठ्यातून? नावे लिहून घेई आणि बेरीज स्वतःच्या घरी जाऊन करी.

तारखांचेही तसेच. बाळ कधी झाले म्हटले की बायका सांगत, मिठाची गाडी उलटली त्याच्या दुसऱ्या बाजाराला. गाडी कधी उलटली, बाजारातले सावरीचे झाड कधी पडले, टोळधाड कोणत्या वर्षी आली, हे सगळे एका वहीत तिने तारखांसह उतरवून ठेवले होते. बाजार दर तीन दिवसांनी भरे. त्यामुळे हिशेब नीट लागे.

जानेवारीत, उत्तरेकडचा धुळीचा वारा सुटला असताना, केंद्रातल्या बेडियाको साहेबांनी तिला बोलावून घेतले. बेडियाको दक्षिणेकडचे, इथली भाषा न येणारे, पण कागद नीट वाचणारे गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर तिचा एक फॉर्म होता आणि त्यावर आडवी तांबडी रेघ.

प्रत्येकीच्या नव्वद घरांपैकी दहा घरी नंतर एक तपासनीस जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारी. तिचा आधीचा फॉर्म त्याला मुद्दामच देत नसत. हाती फक्त घराचा नंबर. मग दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून ताडून बघत.

"कातिगाबाई, तीनशे आठमधले हे अकरा लोक कोण?"

"कावेच्या घरचे."

"तपासनिसाला सहाच सापडले. त्यांत कावे नावाची म्हातारी नाही, बाळही नाही."

"बाळ नाही कसं? मी त्याला मांडीवर घेतलंय."

"मांडीवर घेतलेलं कागदावर दिसत नाही, बाई."

ते रागाने बोलले नाहीत, याचीच तिला अधिक भीती वाटली. केंद्राचा नियम साधा होता. एक खोटा माणूस सापडला की त्या बाईचे सगळे फॉर्म खोटे धरायचे. गेल्याच वर्षी एकीने आंब्याच्या झाडाखाली बसून वीस घरे भरली होती आणि तिला सायकलसकट सगळे परत करावे लागले होते. कातिगाच्या मनात आले, नोकरी जाईल ती जाईल. पण चौदा वर्षांत तिने सहाशेच्या वर जन्म लिहिले होते. ती सगळी पोरे आता झाडाखाली जन्मलेली ठरणार.

तिने एवढेच मागितले, की साहेबांनी स्वतः चलावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडियाकोंच्या मोटारसायकलवर मागे बसून ती निघाली. वस्ती कातिगाच्या माहेरची. सुगी उरकली होती, बायकांनी मातीच्या भिंती नव्याने लिंपून काळ्या, पांढऱ्या, तांबड्या रंगांत रंगवल्या होत्या. पहिल्याच घरापाशी बेडियाकोंनी गाडी थांबवली आणि भिंतीकडे बोट केले. पांढऱ्या रंगात मोठा थोरला इंग्रजी आकडा होता, तीनशे आठ.

"हे नव्हे," कातिगा म्हणाली. "हे अक्वाराचं घर. तीनशे अकरा."

बेडियाकोंनी एकदा भिंतीकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिले. ती पुढे चालू लागली, गाडी ढकलत ते तिच्या मागून. दुसऱ्या घरावरही तीनशे आठ. तिसऱ्या घरी दोनदा, दाराच्या दोन्ही बाजूंना. पाचव्या भिंतीपाशी बेडियाकोंनी रुमाल काढून तोंड पुसले. कातिगाला नंबर फॉर्मवरून पाठ होते, भिंतीवरून नव्हे. चौदा वर्षांत तिने या आकड्यांकडे एकदाही डोळे वर करून पाहिले नव्हते. घरे तिला चेहऱ्यांसारखी ओळखू येत.

पाचव्या घराच्या सावलीत सत्तरीची कावे गारगोटीने भिंत घोटत बसली होती. रंगाच्या कामात तिचा हात धरणारी आसपासच्या चार वस्त्यांत नव्हती. या वस्तीत लग्न होऊन आलेली प्रत्येक बाई इथल्या लेकींचीही बायको, असा रिवाज. म्हणून ती कातिगाला नवरोबाच म्हणे.

"आलास का, नवरोबा? आणि हा कोण? माझा धाकटा दीर का?"

"थट्टा पुरे, बायको. हे साहेब आहेत. तू माझी नोकरी घालवायला निघाली होतीस."

पण आधी वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातून पीठ कालवलेले पाणी आले. तो तुंबा रिकामा होईपर्यंत इथे कोणी कामाचे बोलत नाही. बेडियाकोंनी डोळे मिटून तो संपवला. तपासनीस पहिल्याच, अक्वाराच्या घरी दारातूनच विचारून गेला होता, पाणी त्याने घेतलेच नव्हते, असे कावेने मागाहून सांगितले. अक्वाराच्या बायकोला तो माणूस आजारी वाटला होता.

मग कातिगाने आकड्यांचे विचारले. कावेला प्रश्नच समजेना.

"तूच नाही का सांगितलंस? लिंपताना नंबर पुसू नका, नीट जपून काढा."

"तुझा तुझ्या भिंतीवर काढायला सांगितलं होतं."

"काढला की. सगळ्यांना आवडला. मग म्हणाल्या, आमच्याही घरावर काढ."

"त्यांना त्यांचे नंबर आहेत ना?"

"ते कसले! अक्वाराच्या घरी एक तीन आणि पुढे दोन काठ्या. घरावर काठ्या कोण काढतं, नवरोबा? माझ्यात बघ, शेवटचा कसा आहे, कमरेत आवळलेल्या तुंब्यासारखा."

कातिगाने हे शब्दशः साहेबांना सांगितले. इंग्रजी आठाच्या त्या आकड्याकडे बेडियाको बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, चांगला काढलाय. मग ते म्हणाले, आता तुम्ही रोज विचारता तसं विचारा, मी ऐकतो. तिने वाडगी मागवली. सुना एकेक वाडगे आणून ठेवत गेल्या, नावे येत गेली, आणि बेडियाको कागदावर एकेका नावापुढे टिंब देत गेले. अकरा टिंबे झाली. अकरावा आईच्या पाठीवर झोपला होता. मिठाची गाडी उलटली त्याच्या दुसऱ्या बाजाराचा. त्याचा पाय साहेबांनी दोन बोटांत धरून पाहिला.

त्यांनी तांबड्या रेघेशेजारी 'रेघ रद्द' असे लिहून सही केली. खाली कारणासाठी रिकामी जागा होती. तिथे त्यांनी लिहिले: एकच नंबर पाच घरांवर आढळला.

"साहेब, हेही लिहा," कातिगा म्हणाली. "नंबर जपा असं सांगणारी मीच. आणि नंतर तो बघितला नाही, तीही मीच."

"त्याला फॉर्मवर रकाना नाही," बेडियाको म्हणाले आणि टोपण लावले.

कावेला चारही घरचे नंबर पुन्हा काढून द्यावे लागणार होते. काठ्यांचे तिने कबूल केले, पण काठ्यांभोवती वेल काढीन म्हणाली. त्याला साहेबांची हरकत नव्हती. ते निघून गेल्यावर कातिगा मागेच राहिली. कावेने तिला भिंत घोटायला एक गारगोटी दिली आणि दोघी ऊन भिंतीवर येईपर्यंत घोटत बसल्या.