खोलीच्या तापमानाचं पाणी

बाबा बुधवारी सकाळी गेले. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी त्यांची कवळी करायला घेतली होती.

बाबांनी गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात आयुष्यभर कापड मोजलं. मधुमेहानं दात एकेक करून गेले, तेव्हा उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडालाच दातांचा दवाखाना होता. बाबा तिकडे फिरकले नाहीत. "घरची पोर डॉक्टर होतीय अन् बाहेर माप द्यायचं व्हय?" मी दंतवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षात येईपर्यंत ते वर्षभर भाकरी दुधात कुस्करून खात राहिले. मधूनच आईला सांगायचे, "हिनं दात बसवले की पहिली कडक भाकरी अन् ठेचा." ती भाकरी माझ्यावर अडली होती.

जाड पुस्तकं मी मनापासून वाचत असे, पण पुस्तकात हात हलताना दिसत नाहीत. म्हणून आम्ही सगळेच फोनवरच्या व्हिडिओंतून शिकायचो. एक परदेशी प्राध्यापक तर आमच्या बॅचचे गुरुजीच झाले होते. कॉलेजच्या दवाखान्यात पेशंट खुर्चीत बसला की फोन दिव्याच्या दांड्याला टेकवायचा, एका कानात वायर घालायची आणि गुरुजी करतील तसं करायचं. पेशंटला वाटायचं, पोरगी गाणी ऐकतेय.

माप घ्यायची एक गुलाबी भुकटी असते. पाण्यात कालवली की ती श्रीखंडासारखी होते. ट्रेमध्ये भरून तोंडात धरली की दोन-तीन मिनिटांत रबरासारखी घट्ट होते आणि हिरडीचा ठसा मिळतो. तो व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिला होता की गुरुजी कुठे खोकतात तेही मला पाठ होतं. "खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या," ते म्हणायचे. बाबा खुर्चीत बसले तेव्हा मी तेच घेतलं. एप्रिलमध्ये, दुपारी, नळाचं. म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं.

भुकटी वाटीतच आळली. कालवायची पट्टी तिच्यात सरळ उभी राहिली.

"झालं माप?" बाबांनी आ वासूनच विचारलं.

"वाटीचं झालं, काका," शेजारच्या खुर्चीवरचा माझा वर्गमित्र म्हणाला.

मला वाटलं, माझा हात मंद आहे. व्हिडिओ पुन्हा पाहिला, या वेळी दुप्पट वेगानं, आणि त्याच वेगानं कालवलं. भुकटी निम्मी माझ्या चष्म्यावर उडाली. उरलेली तोंडापर्यंत पोचली खरी, पण तोवर तिचा खोडरबर झाला होता. विभागाच्या सरांनी तो ठसा उलटासुलटा करून पाहिला.

"यात पेशंट कुठे आहे? मला फक्त तुझी बोटं दिसतायत." मग वर्गमित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "आणखी एकदा बघ. नाही जमलं तर ही केस याला देतो."

"मी काय कापडाचा ताका हाय का सर, हिच्या हातातून त्याच्या हातात द्यायला?" बाबा म्हणाले. "होऊ द्या सावकाश. मला घाई नाय."

त्या खोलीत सगळ्यांत जास्त घाई त्यांनाच होती.

मी पुन्हा फोन उघडला. विभागातल्या सफाईच्या मावशी मघापासून पोछा टेकवून बघत होत्या.

"ताई, पाणी कंचं घेतलं?"

"खोलीच्या तापमानाचं."

मावशींनी नळाखाली बोट धरलं आणि झटकन मागे घेतलं. "ह्याच्यात तर चहा व्हईल. त्या फोनमधल्या डाक्टरकडं माठ नाय व्हय?"

गरम पाण्यानं भुकटी लवकर आळते, हे मी परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले होते. पण ते गरम पाणी आमच्या नळाला येतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी व्हिडिओ थांबवून नीट पाहिला. गुरुजींनी ॲप्रनच्या आत स्वेटर घातला होता. इतके महिने मी नुसते हात पाहिले होते.

मावशींनी माठातलं पाणी तांब्याभर आणून दिलं. मी फोन पालथा ठेवला. श्रीखंड श्रीखंडच राहिलं. ट्रे बाबांच्या तोंडात धरून मी उभी राहिले. त्यांना बोलता येत नव्हतं, मला हलता येत नव्हतं. त्यांचा चेहरा इतक्या जवळून, इतका वेळ मी कधी पाहिला नव्हता. उजव्या भुवईत एक जुना व्रण होता, तोही मला माहीत नव्हता.

सरांनी ठसा उजेडात धरला. "चालेल," म्हणाले.

मग खालचं माप, आणि आणखी कितीतरी खेपा. कवळी बसली त्या दिवशी आईनं भाकरी चांगली कडक भाजली. बाबांनी कडेचा तुकडा कडकन मोडला आणि बराच वेळ चावत राहिले. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"कशी आहे?" मी विचारलं. मला कवळी म्हणायचं होतं.

"भाकरी कच्ची हाय," बाबा म्हणाले आणि दोन खाल्ल्या. आई संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

जाईपर्यंत ते कडक भाकरी खात होते.

त्या मापांत ओतून केलेले बाबांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे दोन नमुने मी नंतर कॉलेजातून घरी आणले. खालचा रिक्षात फुटला. वरचा माझ्या टेबलावर आहे.