कोरीचं पोतं

आमच्या मेन राज्यात बिअरचा किंवा सोड्याचा रिकामा कॅन परत दिला की कॅनमागे पाच सेंट मिळतात. गावात ते आर्डेल पेल्की आपल्या दुकानात देते, आधी पदरचे. मग कंपनीगणिक वेगळं पोतं भरायचं. पोतं भरलं की त्या कंपनीची गाडी येते, कॅनमागे तिचे पाच सेंट फेडते आणि वर हाताळणीचे चार देते. अर्धं पोतं कुणी उचलत नाही. बिअरचे छोटे कारखाने गल्लोगल्ली निघाले आणि अर्धवट पोत्यांनी आर्डेलची बसायची खुर्चीसुद्धा गिळली.

त्यातला कोरी डुबेचा कारखाना बुडाला, तेव्हा त्याचं पोतं भरतच आलं होतं. परवा तो स्वतःच आपल्या बिअरचे कॅन घेऊन आला.

मी तिथं कॅन निवडतो. माझं डोकंच फिरलं. "आता हे न्यायला गाडी कोण पाठवणार, तुझा बाप?"

कोरी खाली बघत म्हणाला, "घरात दूध नाहीये रे."

"तू गप बस," आर्डेल मला म्हणाली आणि तिनं त्याच्या हातावर पैसे ठेवले.

त्या कॅननी पोतं भरलं. सवयीनं तिनं त्याचं तोंड बांधलं आणि गाडीसाठी दाराशी नेऊन ठेवलं. आता रोज दुकान उघडताना आधी ते बाजूला सारावं लागतं.