सायप्रसच्या फ्लॅटची वास्तुशांती

रेल्वेतून रिटायर झालेले नत्थूजी वैरागडे नव्या रायपुरातल्या प्लॉटला नाक मुरडायचे. "तिथं कुत्रंही नाही फिरकत!" असे हे शहाणे थेट सायप्रसमध्ये फ्लॅट घ्यायला निघाले. तिथल्या बँका बुडून राहिल्या, असं पत्नी सरिताबाईंनी बजावलं, तर म्हणाले, "म्हणूनच तर स्वस्तात भेटून राहिला!"

फ्लॅट न पाहताच घेतला. वास्तुशांती मात्र रायपुरातल्या समता कॉलोनीत, राहत्या घरी, चौरंगावर फ्लॅटचा रंगीत फोटो मांडून थाटात केली. साऱ्या पाऱ्याला, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याला, पुरणपोळी जेवू घातली. महिन्याभरात सायप्रसच्या बँकेला टाळं लागलं, बिल्डर पळाला आणि बिनछपराच्या भिंती तेवढ्या उरल्या.

नत्थूजी गुरुजींवर उखडले, "तुमची पूजा फळली काहून नाही?"

"पूजा फोटोची झाली होती, नत्थूजी," गुरुजी म्हणाले. "पाहा बरं, फोटोले काही झालं का?"