दुसऱ्याच्या नावाची वही

विट्याजवळ आमच्या माळावर इंजिनिअरिंग कॉलेज आलं आणि गल्लीत ज्याला त्याला काही ना काही काम मिळालं. जाऊबाईंनी पोरांचे डबे सुरू केले, शेजारच्यांनी वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या. मी बारावी झालेली आणि माझं अक्षर चांगलं. पोरं प्रॅक्टिकलच्या वह्या माझ्याकडून लिहून घ्यायला लागली. जुन्या वहीवरून नवी उतरवायची, आकृत्या काढायच्या, पहिल्या पानावर पोराचं नाव घालायचं. आत काय लिहिलंय ते आधी कळायचं नाही. तीच वही विसाव्यांदा उतरवताना कळायला लागलं. यात काही गैर आहे असं तेव्हा वाटलं नाही, आताही फारसं वाटत नाही.

पुढं आम्ही घर बांधायला काढलं. नवरा फौजेत, त्यामुळं कामावर मीच उभी असायची. इंजिनिअर म्हणून आलेला पोरगा याच कॉलेजात शिकलेला. त्याची वही मीच लिहिली होती. तो मला विसरला होता, मी त्याचं नाव विसरले नव्हते.

स्लॅब टाकून झाल्यावर मी विचारलं, “पाणी किती दिवस मारायचं?”

मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, “मारा की काकू, चार-पाच दिवस. लय झालं.”

“काँक्रीटची पुरी ताकद अठ्ठावीस दिवसांनी बघत्यात.”

आता त्यानं मान वर केली. “कुणी सांगितलं तुमाला?”

“तुमच्याच वहीत हाय.”