सावलीचा भाव

गड्यांनो, वर्ध्यात बसून "एक होऊन मागा" असं लिहिणं सोपं हाय. मागितलं ना आम्ही! बालाघाटच्या या राइस मिलच्या अंगणात धान वाळवणाऱ्या बायांसाठी सावली मागितली. आज ठेकेदारानं टिनाचं छप्पर टाकलं.

सखूबाईनं आपलं तान्हं पोर त्याच्याखाली निजवलं. ठेकेदाराचा मुन्शी हसत म्हणे, "छाँव के चार आने लगेंगे, बाई."

तिची दिवसाची मजुरीच बारा आणे. तिनं पोर उचलून पुन्हा उन्हात ठेवलं. मले पाहवलं नाही. मी चार आणे फेकले.

मुन्शी ओरडला, "भाव तय हो गया! कल से हर बच्चे के चार आने."

सखूबाई मलेच म्हणे, "काहून देल्ले रे मेल्या?"

सांगा, काय करायचं होतं मी?

मायले सांगा, या महिन्यात आठ नाही, पावणेआठ रुपये पाठवून राह्यलो.