नऊ नंबर, पाच नंबर

१४ नोव्हेंबरला भाचीने दुकानातल्या बाकावर विमा पॉलिसींचे दोन कागद ठेवले, तेव्हा खिळेमास्तरांनी आधी तळाचे वार्षिक हप्त्याचे आकडे पाहिले. एकावर अठ्ठावीस हजार चारशे सोळा रुपये, दुसऱ्यावर चौतीस हजार नऊशे दोन. मास्तरांचा हात आपसूक पहिल्याकडे गेला.

अडतीस वर्षे चपला-बूट शिवणारा हा माणूस तोंडात खिळे धरूनही गप्पा मारी, म्हणून लोकांनी हे नाव पाडले. वय सहासष्ट, डॉक्टरांशी ओळख त्यांच्या बुटांपुरतीच. बायको मात्र गुडघ्याने बेजार. दुकानावरच्या खोलीच्या सतरा पायऱ्या ती टेकत टेकत, एकेक मोजत चढे, आणि शस्त्रक्रियेचा खर्च विम्याशिवाय झेपणारा नव्हता.

भाची विम्याची एजंट. पहिली पॉलिसी फ्लोटर आहे, असे ती म्हणाली. मास्तरांनी गंभीरपणे सांगितले, की फ्लोटर आपणही विकतो, पट्ट्याचे, पण वयस्कर माणसांचा पाय त्यात सरकतो. भाची हसता हसता बाकावरून पडायची राहिली. मग तिने उलगडून सांगितले. फ्लोटरमध्ये दोघांना मिळून दहा लाख. पण आधीपासूनच्या दुखण्यासाठी तीन वर्षे थांबायचे. दुसऱ्यात प्रत्येकाला वेगळे पाच लाख, आणि थांबणे एकच वर्ष.

स्वस्त तेच बरे, तीन वर्षे काय, बघता बघता जातात, असे मास्तरांचे मत पडले.

"तुमची जातील, तुम्ही बसून असता," तिसऱ्या पायरीवरून बायको म्हणाली. "अहो, नऊ नंबरचा एकच जोड आणून दोघांनी घालायचा म्हणता. माझा पाय पाच नंबरचा आहे."

दुसऱ्याच्या मापाचा जोड फुकट मिळाला तरी घेऊ नये, हे गिऱ्हाइकांना सांगण्यात मास्तरांचा जन्म गेला होता. मग ते स्वतःवरच खो खो हसले.

"माप घे, पोरी," ते भाचीला म्हणाले, "दोघांचं वेगळं."

अर्जात बायकोने वय दोन वर्षांनी उतरवले; भाचीने ओळखपत्र पाहून पुन्हा चढवले. गुडघ्याचे दुखणे तेवढे तिने लपवू दिले नाही, लिहिले तरच पुढे पैसे मिळणार होते. वर्षभराने बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता ती पायऱ्या मोजत नाही.

हप्ता भरताना साडेतीनशे कमी पडले होते, ते भाचीने घातले. ते तिला अजून द्यायचे आहेत.