मामाजींची पपई हलली की नाही

जगात कुठंही, कोणावरही अन्याय झाला की पहिला ठसका आमच्या ताईच्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना लागतो. मी स्वतः अमरावतीत पत्रकं काढणारा माणूस. खड्डे, शहर बस, वसतिगृहाचं पाणी, सांगाल त्यावर दोन तासांत जळजळीत निषेध लिहून देतो. पण मामाजींपुढे मी म्हणजे तहसीलीतला जांभया देणारा बाबू. बार्शीटाकळीच्या बसमध्ये कंडक्टरनं एकाला खिडकीजवळच्या जागेवरून उठवलं, तर मामाजींनी बस अडवून धरली. उठवलेला बिचारा "मले इथंच उतरायचं हाये हो" म्हणून हात जोडत होता. त्यालाही त्यांनी न्याय मिळेपर्यंत उतरू दिलं नाही. पुतणीच्या लग्नात संगीतखुर्चीत एका विहीणबाईंना बाद केलं, तेव्हा मामाजींनी शूटिंगवाल्याची कॉलर धरून चित्रण मागं न्यायला लावलं, पंचांचा निकाल फिरवला, विहीणबाईंना खुर्चीवर बसवलं, आणि भटजी घड्याळ दाखवू लागले तर म्हणाले, "न्याय झाल्याबिगर अक्षता कशा पडतीन?"

बाळापूरकडे त्यांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, कोबी, पपई. रोज पहाटे माल घेऊन ते अकोल्याच्या बाजारात येतात आणि हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू व्हायची वाट पाहत बसतात. त्या वेळी क्रिकेट कुठंच चालू नसतं. सोमवारी मात्र अमेरिकेत अजून रविवार संपायचं नाव घेत नसतो, आणि तिथले लोखंडी टोप घातलेले धिप्पाड गडी लांबट चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर पडत असतात. मामाजी त्या चेंडूला पपई म्हणतात. झेंडूच्या क्रेटला मोबाइल टेकवून, एकाच शालीत दोघं तो खेळ पाहत: मामाजी, आणि चाळीस वर्षं त्यांच्याच ढिगावरून पूजेची फुलं नेणारे गुरुजी. संघांची नावं दोघांनाही येत नव्हती. मामाजी केशरीवाल्यांचे, कारण झेंडू. गुरुजी काळ्यांचे. "शनिमहाराजाचा रंग हाये भाऊ, पंगा कोन घेईन?"

जानेवारीतल्या एका सोमवारी घात झाला. शेवटच्या मिनिटात केशरी गड्यानं मैदानाच्या कोपऱ्यात उडी घेतली, दोन्ही हातांनी पपई झेलली आणि तो पोटावर आदळला. पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यातल्या पंचानं दोन्ही हात वर करून झेल मान्य केला. मामाजींनी ओंजळभर झेंडू उधळला. मग ते सगळे पंच पडद्यात डोकी घालून बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, पडताना चेंडू जमिनीला लागून हलला, झेल नाही. केशरीवाले हरले.

"दोनी हातात होती ना पपई! जमिनीचा काय संबंध?" मामाजी कडाडले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "हलली भाऊ. मी पाह्यलं."

झालं! मामाजींनी शाल ओढून घेतली. "उद्यापासून फुलं दुसरीकडून न्या." गुरुजीही मानी, समोरच्या ढिगावरून नेऊ लागले. ताई सांगायची, मामाजी अजूनही रोज गुरुजींच्या वाट्याची शेवंती वेगळी काढतात, दहा वाजेपर्यंत ओल्या फडक्याखाली ठेवतात, आणि मग बकरीला घालतात. मामाजींचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

मला बोलावणं आलं. "बाबू, पत्रक काढ."

"कोणाच्या नावानं, मामाजी?"

"अमेरिकेच्या!"

मी आधी हसलो. मग तो झेल सात वेळा पाहिला आणि माझंही डोकं फिरलं. ही काय मुजोरी! पाच माणसं पडद्याआड बसून लाखोंच्या डोळ्यांना खोटं ठरवतात! 'झेल हाताचा असतो, जमिनीचा नव्हे!' असा मथळा ठोकला आणि पाचशे प्रती बाजारात वाटल्या. हमालांत दोन तट पडले, तोंडातोंडी सुरू झाली. शेवटी एक जण वैतागून म्हणाला, "झामल झामल कायले करता? इथंच फेकून पाहा ना!"

पुढच्या सोमवारी हर्रास थांबली. हमालानं कच्ची पपई उचलली. झेलणार मामाजी, वय सहासष्ट, धोतर खोचलेलं. पंच कोण? मामाजींनी स्वतःच समोर गुरुजींकडे बोट दाखवलं. "त्यायलेच करा. मंग कोनी बोलाले नोको."

पपई आली. मामाजींनी उडी मारली. म्हणजे त्यांच्या मते मारली. पपई दोन्ही हातांत, आणि मामाजी कोबीच्या पाल्यावर पालथे. पपई पोटाखाली. कोणालाच काही दिसेना. गुरुजी हातातली परडी टाकून धावले.

"लागलं का रे भाऊ?"

"ते सोडा. निकाल द्या."

"पकडली! झेल हाये! ऊठ तू आधी!"

बाजार दणाणला. मी घोषणा सुरू केल्या. तेवढ्यात पाल्यात तोंड खुपसलेल्या अवस्थेत मामाजी म्हणाले, "नाई गुरुजी. हलली."

"नाई हलली! मी पंच हावो!"

"तुमाले काय दिसलं? माह्या पोटाखाली होती ना!"

"मले सारं दिसते! झेल म्हंजे झेल!"

"हलली म्हंतो ना मी!"

असे ते अर्धा तास भांडले, उलट्या बाजूंनी, आणि भांडता भांडता गुरुजी आपल्या उपरण्यानं मामाजींच्या कोपराचं रक्त पुसत होते. मी संतापलो. जिंकलेला लढा असा कोणी सोडून देतं? उरलेली पत्रकं दाखवून मी विचारलं, आता यांचं काय करू? मामाजी म्हणाले, "बाबू, हलली ते हलली," आणि गुरुजींना शेवंती द्यायला उठले.

अमरावतीच्या बसमध्ये बसल्यावर राग उतरला. आयुष्यात कधी खोटं न बोललेले गुरुजी, समोरचा पडलेला पाहून डोळे मिटून निकाल फिरवून मोकळे झाले होते. मलाही विरोधक चिक्कार आहेत. मी ते मेहनतीनं जमवलेत. त्यांतला कोण माझ्यासाठी असा धावत येईल, याचा मी विचार करू लागलो. मूर्तिजापूर मागं पडलं तरी एकही नाव सुचलं नव्हतं.